येणारा-जाणारा बिघाड

२०२४ सालच्या जून महिन्यात, पावसाने वसईत नुकतेच पाऊल टाकले असता, आमच्या घरातला संगणक आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होऊ लागला. धूर नाही, ठिणगी नाही, पडद्यावर धोक्याची सूचनाही नाही. काम चालू असताना पडदा एकाएकी काळा होई, पेटीतल्या पंख्याचा सूर खाली जाऊन पुन्हा वर चढे आणि कोणीतरी नुकतेच बटण दाबले असावे अशा निरागसपणे यंत्र पहिल्यापासून सुरू होई. प्रथम आठवड्यातून एकदा, मग दोनदा आणि जुलै उजाडता उजाडता एकाच दिवशी तीनदा.

हा संगणक आमच्या घरी शोभेसाठी ठेवलेला नाही. आमची सून अंधेरीच्या एका कचेरीत हिशेबनीस होती. धाकट्या नातीच्या जन्मानंतर पहाटेची गाडी आणि रात्रीचे परतणे तिला जमेनासे झाले, तेव्हा नोकरी सोडून तिने घरबसल्या सात लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहायला घेतले. एक बेकरी, एक औषधाचे दुकान, एक लोखंडी सामानाचा व्यापारी, दोन मंडपवाले, अशी ही मंडळी. मुलगा जहाजावर असतो. त्याचे पैसे येतात, परंतु दोन्ही नातवंडांची शाळेची फी सूनबाई स्वतःच्या मिळकतीतून भरते आणि त्याचा तिला अभिमान आहे. वस्तू व सेवा कराची विवरणे दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला भरावी लागतात. २० तारखेचे चुकले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज. पण पैशाहून मोठी गोष्ट विश्वासाची. आपली वही ज्याच्या हाती दिली त्याच्याकडून तारीख चुकली, की व्यापारी दुसरा हात शोधू लागतो.

शिवाय, हिशेबाची फाईल उघडी असताना संगणक असा मध्येच बंद पडला तर चालू नोंद तर जातेच, परंतु एखादे वेळी संपूर्ण फाईलच खराब होते आणि आदल्या दिवशी काढून ठेवलेल्या प्रतीवरून सारे काम पुन्हा करावे लागते. १० जुलैच्या संध्याकाळी, ७ वाजून ५० मिनिटांनी, नेमके हेच घडले. दुसऱ्या दिवशी ११ तारीख. सूनबाई काही बोलली नाही. तिने धाकटीला तिच्या आजीच्या स्वाधीन केले, आदल्या दिवशीची प्रत उघडली आणि रात्री दीड वाजेपर्यंत एकेक बिल पुन्हा चढवीत बसली. सकाळी लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा फोन आला, “ताई, जमत नसेल तर तसे सांगा.” फोन ठेवल्यावर तिने मला विचारले, “पप्पा, नवाच घेऊ या का?”

आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला येणारा प्रत्येक जण एकेक औषध सांगून जातो. यंत्राच्या बाबतीतही तसेच झाले. मुलाने जहाजावरून निदान केले की विंडोज पुसून नव्याने टाकावे. मेव्हण्यांना विषाणूचा संशय. आमच्या मंडळींचे मत असे पडले की तेरा वर्षांचा थोरला नातू त्यावर गेम खेळतो, यंत्र तापते आणि म्हणून हे सारे होते. हे निदान सर्वांना पटले, कारण ते सर्वांत सोपे होते आणि आरोपी घरातच होता. पोराचे खेळणे बंद झाले. तो सांगत राहिला की मी शाळेत असतानासुद्धा संगणक बंद पडतो. पण तेरा वर्षांच्या मुलाची साक्ष आपल्याकडे कोण ग्राह्य धरतो?

स्टेशनजवळच्या एका दुकानात पेटी नेली. तिथे ती दोन दिवस अखंड चालली, एकदाही बंद पडली नाही. तरीसुद्धा दुकानदाराने मदरबोर्ड गेला असल्याचे सांगितले आणि नव्या संगणकासाठी ३८,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला. माझे लक्ष त्या कागदापेक्षा त्या दोन दिवसांकडे गेले.

मी एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात केबलचे सांधे जोडण्याचे काम केले. कायमचा मुका झालेला फोन आम्हां लाईनवाल्यांना आवडत असे. मीटर लावावा, तार कुठे तुटली ते कळावे, खड्डा खणून जोडावी. खरा छळ मांडी तो येणारा-जाणारा बिघाड. ग्राहकाने तक्रार करावी, आम्ही सायकल दामटत पोचावे, तर फोन खणखणीत. आम्ही पाठ फिरवली की पुन्हा खरखर. आमचे पहिले सुपरवायझर सांगत, की अशा वेळी तारेमागे धावू नये. बिघाड केव्हा येतो ते आधी विचारावे. खाडीकाठच्या एका वस्तीत दर पंधरवड्याला फोन बिघडत आणि तीन-चार दिवसांनी आपसूक सुधारत. कोणी म्हणे उंदीर, कोणी म्हणे खोडसाळपणा. आम्ही तारखा मांडल्या तेव्हा त्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पडल्या. उधाणाच्या भरतीचे पाणी चेंबरमध्ये चढून एका जुन्या सांध्यात शिरत होते. सांधा कच्चा होता हे खरे. पण उधाण आले नसते तर तो आणखी पाच वर्षे चालला असता.

म्हणून मी सूनबाईला म्हटले, “बाय, मला थोडे दिवस दे. तोवर दर पंधरा मिनिटांनी फाईलची प्रत पेन ड्राइव्हवर काढत जा.” आणि शंभर पानी वही आणवली. तारीख, वेळ, संगणकावर कोण बसले होते, काय काम चालू होते, पाऊस होता का, घरात मिक्सर-इस्त्री काय चालले होते, असे रकाने आखायला मी मुद्दाम नातवालाच बसवले. ज्याच्यावर आळ आहे त्यानेच दप्तर लिहावे, हे न्यायाच्या रूढ कल्पनेत बसत नाही. परंतु इतका दक्ष कारकून दुसरा कोण मिळणार होता?

विंडोजही आतल्या आत स्वतःची एक रोजनिशी लिहीत असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इव्हेंट व्ह्यूअर या नावाने शोधले की ती उघडते. तिच्यात प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. कोणा माणसाने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने रीतसर सांगून संगणक बंद अथवा पुन्हा सुरू केला, तर १०७४ क्रमांकाची नोंद पडते. स्वतःला अद्ययावत करून घेण्यासाठी विंडोज आपणहून पुन्हा सुरू होते तेव्हाही हीच. निरोप न घेता यंत्र गेले, तर पुढच्या वेळी सुरू झाल्यावर ४१ क्रमांकाची नोंद होते. तिच्या पोटात आणखी एक आकडा असतो. विंडोज आतल्या चुकीमुळे कोसळले असेल तर तिथे त्या चुकीचा संकेतांक सापडतो. शून्य असेल, तर काय झाले ते टिपून ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नाही, एवढेच समजावे. आमच्या नोंदी सगळ्या ४१ च्या आणि पोटात शून्य.

आणखी एक गोष्ट केली. तेव्हा विंडोज कोसळले की निळा पडदा येई आणि त्यावर चुकीचे नाव असे. परंतु कोसळताक्षणी आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी योजना मुळातच करून ठेवलेली असल्यामुळे तो पडदा वाचण्याआधीच नाहीसा होतो. प्रगत सेटिंगमधली ती खूण काढून टाकली, म्हणजे चूक पडद्यावर ठाण मांडून बसते. आम्ही ती काढली. निळा पडदा आला नाही. संगणक पूर्वीसारखाच काळा होऊन परत सुरू झाला. याचा अर्थ विषाणू आणि विंडोज यांच्यावरचा संशय बराच कमी झाला.

नालासोपाऱ्याला राहणारा माझा पुतण्या संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहे. त्याच्या मदतीने बाकीच्या शंका एकेक करून फेडल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन दिवस वाट पाहायची, एवढा माझा आग्रह. त्याला तो वेळखाऊ वाटला, पण काकांचा मान म्हणून ऐकले. पेटीतली धूळ काढली, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप पुसून नवा लावला. तापमान नीट होते. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, रात्रभर स्मृतीची चाचणी चालवली. एकही चूक नाही. वसईच्या दमट हवेत पेटीवरचे बटण आतून चिकटत असेल म्हणून त्याच्या वायरीही मदरबोर्डवरून दोन दिवस काढून ठेवल्या. संगणक बंद पडतच राहिला. वही भरत राहिली.

या धांदलीतच १९ जुलैची दुपार आली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे त्या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. पुष्कळसे सुरू होत, निळे पडत, पुन्हा सुरू होत राहिले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नातू हर्षभरित होऊन म्हणाला, “आजोबा, आपला रोग सगळ्या जगाला लागला!” मी त्याला समजावले, की तो रोग वेगळा. तिथे यंत्र आपल्या चुकीचे नाव सांगत होते. आपले यंत्र काहीच सांगत नाही.

त्याला आणखी एक हकिगत सांगितली, आणि ती इथेही सांगण्याचा मोह आवरत नाही. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याच्यावरचा संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला आणि प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडू लागले. तिथे पुतण्याला पाठवण्याची सोय नव्हती. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच जुळ्या यंत्रावर तेच काम चालवले, प्रत्येक हालचालीची नोंद ठेवली आणि तोच बिघाड इथे घडेपर्यंत ते हटले नाहीत. कारण गमतीचे निघाले. समजा, घरात घागर एकच आहे. ती घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या हातात आहे. स्वयंपाकघरात आजी पाण्यासाठी खोळंबली आहे. मुलगा घागर आणून देणार तोच पाहुणे येतात आणि वडीलधारे म्हणून त्याला थांबवून बोलत बसतात. पाहुण्यांचा मान मुलापेक्षा मोठा, आजीचा पाहुण्यांपेक्षा मोठा. तरीही आजी अडून राहते. यानावर हवामान मोजणारे हलके काम, संदेश पाठवणारे मधले काम आणि माहितीची ने-आण करणारे मोठे काम यांचे असेच झाले होते. मोठे काम वेळेवर झाले नाही असे दिसताच पहारेकरी म्हणून नेमलेला प्रोग्रॅम सारे यंत्र नव्याने सुरू करी. घागर ज्याच्या हाती असेल त्याला तेवढ्यापुरता आजीचा मान द्यावा, अशी सोय त्या यंत्रणेत मुळातच होती. ती चालू नव्हती. अभियंत्यांनी ती पृथ्वीवरून चालू केली आणि यान शहाणे झाले. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही एक-दोनदा यंत्र असे आपोआप सुरू झाले होते म्हणतात, परंतु ते पुन्हा घडवून दाखवता आले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची खोडच ही.

आता आमच्या वहीकडे वळतो. २७ जुलैपर्यंत तिच्यात तेवीस नोंदी जमल्या. त्यांपैकी चौदा वेळा नातू शाळेत किंवा शिकवणीला होता आणि उरलेल्या वेळी सूनबाईच संगणकावर बसली होती. पाऊस असताही बिघाड आला, ऊन असताही आला. मिक्सरचा, इस्त्रीचा संबंध दिसेना. वेळा मात्र सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ यांत दाटलेल्या. रविवारी दिवसभर विखुरलेल्या. आणि २३, २४ व २५ या तीन तारखा पूर्ण कोऱ्या.

२८ तारखेला रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बावखलापलीकडचे शेजारी भेटले. त्यांनी वाडीच्या कडेला आठ खोल्यांची चाळ बांधली आहे. मे महिन्यात भाडेकरू आले. त्यांची चौकशी केली तर म्हणाले, “काय सांगू दादा, मंगळवारी विहिरीवरची मोटर जळली. तीन दिवस भाडेकरूंना टँकरचे पाणी पाजले. गुरुवारी रात्री वाइंडिंग करून आणली तेव्हा सुटलो.”

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तेवीस, चोवीस, पंचवीस.

त्यांची मोटर टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालते. टाकीतले पाणी उतरले की आपोआप सुरू, भरली की बंद. आठ बिऱ्हाडे सकाळी उठली, संध्याकाळी कामावरून आली, रविवारी कपडे धुवायला बसली, की टाकी उतरणार. आमची आणि त्यांची वीज एकाच खांबावरून येते, आणि आम्ही दोघेही वाहिनीच्या अगदी शेपटाला.

सूनबाईने रास्त शंका काढली, “पण पप्पा, घरातले दिवे तर एकदाही मिचकावले नाहीत. टीव्हीही चालू राहतो.” इथेच नव्या जमान्याची गंमत आहे. पूर्वीचा तारेचा पिवळा बल्ब शेजारी मोटर सुरू झाली की लाजल्यासारखा मंद होई. कुठे काय सुरू झाले ते बसल्या जागी कळे. एलईडी दिव्याच्या पोटात वीज सांभाळून घेणारे सर्किट असते, त्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली गेले तरी तो तसूभर हलत नाही. आम्ही सारे दिवे बदलले आणि घरातला साक्षीदारच नाहीसा झाला. मी माळ्यावर चढलो. नाताळच्या गोठ्यासाठी जपून ठेवलेला साठ वॅटचा एक पिवळा बल्ब काढला आणि संगणकाच्याच बोर्डावर लावला.

त्या दुपारी जेवण उरकल्यावर प्रयोग केला. शेजारी त्यांच्या मोटरपाशी, हातात मोबाईल. सूनबाई संगणकावर, सातही व्यापाऱ्यांच्या फायली आणि एक चलचित्र एकाच वेळी उघडून. नातू बल्बसमोर वही घेऊन. पुतण्या पेटीजवळ. मोटर तापू नये म्हणून दर दोन प्रारंभांमध्ये तीन मिनिटे थांबायचे ठरले. मी फोनवर “चालू करा” म्हणायचो, पलीकडे खटका पडायचा आणि बल्ब डोळा मिटल्यासारखा लवायचा. नऊ वेळा मोटर सुरू केली. नऊ वेळा बल्ब लवला. चार वेळा संगणक पुन्हा सुरू झाला. मग सूनबाईने सारे बंद करून यंत्र नुसते बसवून ठेवले. तीन वेळा मोटर, तीन वेळा बल्ब, संगणक जागचा हलला नाही.

मग पुतण्याने आपल्या पिशवीतून आणलेला दुसरा एसएमपीएस बसवला. पुन्हा नऊ वेळा तेच. बल्ब नऊ वेळा लवला, संगणक एकदाही बंद पडला नाही. पुतण्या उठू लागला. मी म्हटले, “आता जुना परत बसव.” बहुतेक लोक नव्या भागाने काम झाले की थांबतात, पण जुना परत लावल्यावर बिघाड परत आला तरच दोष त्याचा म्हणता येतो. बसवला. दुसऱ्याच खेपेला पडदा काळा झाला. पलीकडून फोनवर शेजाऱ्यांनी विचारले, “झाले का दादा? बायका पाण्यासाठी थांबल्यात.”

एसएमपीएस म्हणजे पेटीच्या मागच्या कोपऱ्यातला तो पत्र्याचा डबा, ज्यात आपण भिंतीतून येणारी वायर खोचतो. २३० व्होल्टची वीज घेऊन तो मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकसारखी वीज देतो. त्याच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. ते विजेचे लहानसे टाके समजा. बाहेरचा प्रवाह क्षणभर आटला, तर या टाक्यातल्या साठ्यावर यंत्र तगून राहते. किती वेळ? चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भारावर साधारण १६ सहस्रांश सेकंद तगावे अशी अपेक्षा असते. आपल्या विजेचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे. म्हणजे नवाकोरा असतानाही हा साठा एका आवर्तनालाही पुरता पुरत नाही. कपॅसिटरच्या पोटातला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो आणि टाके लहान होत जाते. हा डबा मदरबोर्डला ‘सर्व ठीक’ असा एक संकेत सतत देत असतो. साठा अपुरा पडला की तो संकेत मागे घेतला जातो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी सारे सोडून देतो. पुढच्याच क्षणी वीज पूर्ववत, संकेत पूर्ववत, आणि यंत्र नव्याने सुरू. विंडोजला रोजनिशीत काही लिहायला सवड कुठली मिळणार! संगणकावर काम जास्त, तर साठ्याचा उपसा जास्त; म्हणूनच सूनबाई कामाच्या भरात असतानाच तो तिला दगा देई, आणि स्टेशनजवळच्या दुकानात, जिथे ना आमची वाहिनी ना आमची मोटर, तो दोन दिवस गुणी मुलासारखा वागला.

मोटरचे म्हणावे तर एक अश्वशक्तीची मोटर चालताना पाच-सहा ॲम्पिअर घेते, परंतु सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच ते सात पट ओढते. वाहिनीच्या शेपटाला तो हिसका बसतोच.

शेजारी संध्याकाळी मुद्दाम घरी आले. चेहरा पडलेला. “म्हणजे तुमच्या सुनेचे नुकसान माझ्या मोटरमुळे झाले?” त्यांना अपराधी वाटत होते आणि खरे सांगायचे तर थोडी भीतीही, आजकाल बावखलाच्या बांधावरून आणि पाण्यावरून कोर्टापर्यंत गेलेली घरे आमच्या गावात आहेत. मी त्यांना बसवले, चहा दिला आणि खाडीकाठच्या सांध्याची गोष्ट सांगितली. मोटर मे महिन्यात आली. आमचा एसएमपीएस २०१७ सालचा, त्याआधीपासूनच खंगत आलेला. मोटर नसती तर तो आणखी काही काळ निभावला असता. एसएमपीएस धडधाकट असता तर मोटरचा हिसका कोणाला कळलाही नसता. टीव्ही तेच हिसके खाऊन चालू होता ना? अर्धा बिघाड बावखलाच्या त्या बाजूला होता आणि अर्धा या बाजूला. दोन्ही एकाच क्षणी भेटले म्हणजेच तो दिसे. ते ऐकून त्यांचा घोट घशाखाली उतरला.

नवा एसएमपीएस २,२०० रुपयांचा. माळ्यावर पडलेल्या यूपीएसमध्ये नवी बॅटरी टाकली, ती आणखी १,१०० रुपयांची. पुतण्याने जुना डबा आपल्या दुकानात नेऊन उघडला. मोठ्या कपॅसिटरवर २२० मायक्रोफॅराड छापलेले, मीटरवर आकडा ऐंशीच्या आसपास. वाचकांना इथे हात जोडून सांगतो, की हा डबा घरी कोणी उघडू नये. वायर काढून ठेवली तरी आतल्या टाक्यात जीव घेण्याइतकी वीज काही काळ साचलेली राहू शकते. बदलावा तो अख्खा डबाच.

लोखंडी सामानाचा व्यापारी ऑगस्टमध्ये आपली कागदपत्रे घेऊन गेला तो परत आला नाही. सूनबाईकडे आता सहा व्यापारी आहेत. सातव्याची फाईल तिने पुसलेली नाही. त्याच्या बेरजा तिने त्या रात्री दोनदा केल्या होत्या.

नातवाला कोणी “चुकले” असे म्हटले नाही. आपल्या घरांत मोठी माणसे लहानांना तसे म्हणत नाहीत. पण मंगळवारी, सण नाही, पाहुणे नाहीत, तरी त्याच्या आजीने फुगे तळले आणि पहिले ताट त्याच्यापुढे ठेवले. त्याने खाता खाताच विचारले, “आज काय आहे?” आजीने उत्तर दिले नाही. संगणकाचा माऊस कपाटातून परत मेजावर आला.

वही त्याने अजून बंद केलेली नाही. पिवळा बल्ब मी नाताळासाठी परत माळ्यावर ठेवणार होतो, त्यालाही त्याने हरकत घेतली. बल्ब दिवसातून चार-सहा वेळा लवतो, संगणक चालू राहतो, आणि वहीत पानेच्या पाने कोरी जातात. सप्टेंबरमध्ये मात्र एक नोंद पडली. सूनबाई रात्री फायलींची प्रत काढायला लावून झोपली होती. त्याच्या अक्षरात ती अशी आहे: “१२ सप्टेंबर, पहाटे ३ वाजून १५ मिनिटे. क्रमांक १०७४. विंडोजने स्वतःला अद्ययावत केले. बल्ब लवला की नाही माहीत नाही. मी झोपलो होतो. आजीला विचारावे.”